अळणी पाणी

चहात मीठ घालून पिणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. साखर चालायची नाही असं नव्हे. साखर दोन चमचे, दूध भरपूर, आणि वर चिमूटभर जाडं मीठ. त्यासाठी सदऱ्याच्या खिशात ॲल्युमिनियमची एक चपटी डबी असायची. पूर्वी तिच्यात तंबाखू असे. डॉक्टरने तंबाखू सोडायला लावला, तेव्हा चांगली डबी कशाला टाका म्हणून त्यांनी तिच्यात मीठ भरलं, असं त्यांची सून सांगायची. स्वतःच्या कपात घालून थांबले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते न विचारता समोरच्याच्या कपातही घालायचे.

"पी बाय. अलनी चा पिऊन अंगात काय राहतं?"

अलनी म्हणजे आपलं अळणी. हा शब्द त्यांच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा यायचा. नळाचं पाणी अलनी, बाटलीतलं पाणी अलनी, टीव्हीवरच्या बातम्या अलनी, धाकटा जावई तर अगदीच अलनी. पहिल्या भेटीत अर्ध्या तासाच्या आत मीही त्या यादीत गेले, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि प्रत्येक गोष्टीला 'का' विचारते. ते जाऊन आता दोन वर्षं होतील. एवढा हट्टी आणि एवढा खरा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

ते खाडीकाठच्या जूचंद्र गावचे. चाळीस वर्षं मिठागरांत राबले. मिठागर म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं, अडवायचं आणि उन्हात आटवायचं. सगळा जीव बांधात. बांध कुठे गळतो ते शोधणं आणि चिखलाने बुजवणं हे त्यांचं काम. मिठागरं एकेक करून बंद पडली, बांधांवर गवत वाढलं, पलीकडे टॉवर उभे राहिले, आणि यांच्या हाताला गळणारं काही उरलं नाही. मग त्यांनी इमारतींकडे मोर्चा वळवला. कुठे भिंतीला ओल आली की हे हजर. बोटाने ओल पुसायची, जिभेला लावायची आणि निकाल द्यायचा: हे गच्चीचं, हे टाकीचं, हे वरच्या बाथरूमचं. त्या तिसऱ्या प्रकारातही ते जीभ लावत होते का, हे मला कधी विचारवलं नाही. लोक हसायचे. पण प्लंबरने दोनदा भिंत फोडून झाली की सोसायट्यांचे सेक्रेटरी त्यांना गुपचूप बोलावून न्यायचे.

माझी शाळा नायगावला. आमच्या शाळेच्या क्लार्ककडे मी एकदा बाबांच्या तळ्याचं रडगाणं गात होते, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आमच्या गावात एक म्हातारे आहेत. थोडे सटकलेले आहेत, पण पाणी कुठून जातं ते त्यांना कळतं."

तळ्याची हकिगत अशी. आम्ही मूळचे उमेळ्याचे, वाडीवाले. केळी, मोगरा, आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीतलं जुनं खोदलेलं तळं. भावकीत वाटण्या झाल्या, आजूबाजूला इमारती आल्या आणि वाडी गेली. सत्तरीला टेकलेल्या माणसाने फ्लॅटच्या बाल्कनीत चार कुंड्या लावून गप्प बसायला हवं होतं. बाबांनी चांदीपला टेकडीच्या पायथ्याशी जमीन घेतली. का, तर तिथे तळं होतं. दोन उंचवट्यांच्या मधल्या ओहोळावर कुणीतरी पूर्वी मातीचा बांध घातला होता आणि त्यामागे पावसाचं पाणी साठायचं. काठावर दगडी पायऱ्याही होत्या. बाबांनी जमीन पाहिली ती श्रावणात. भरलेलं तळं पाहून हा माणूस विरघळला. दिवाळीनंतर ते तळं रिकामं होतं, हे त्यांना दिवाळीनंतर कळलं.

बांध गळत होता. बाबांनी लावलेल्या केळी-मोगऱ्याने दोन उन्हाळे टँकरवर काढले. दुसऱ्या उन्हाळ्याच्या आधीच त्यांनी आईला आणि मला समोर बसवून सांगून टाकलं, की आता शेवटचा प्रयत्न. दुरुस्तीनंतरही मे महिन्यापर्यंत पाणी टिकलं नाही तर जमीन विकून टाकेन, पुन्हा वाडीचं नाव काढणार नाही. बाबा एरवी रागावून बोलतात. हे शांतपणे बोलले, म्हणून आई घाबरली.

एक तरुण इंजिनियर येऊन फोटो काढून गेला आणि आतून प्लॅस्टिकचा कागद घाला म्हणाला. बाबांनी त्याला पाणी पाजून वाटेला लावलं. त्यानंतर, दिवाळीच्या आधी तळ्यात पाणी होतं तेव्हाच, मी जूचंद्रहून या गृहस्थांना रिक्षात घालून नेलं.

त्यांनी तळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट बांधाच्या मागच्या बाजूला, खाली पायथ्याशी उतरले, चपला काढून हातात घेतल्या आणि टाच दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. एका ठिकाणी टाच रुतली. तिथे झिरपणारं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात खळखळवलं, थुंकलं.

"अलनी," ते म्हणाले.

"पावसाचं पाणी आहे, काका. अळणीच असणार," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाबांना विचारलं, "शेट, हितं झाड होतं का?" शेट म्हणू नका असं बाबांनी त्यांना निदान दहादा सांगितलं असेल, उपयोग शून्य. झाड होतं. बांधावर जांभळीचा बुंधा होता; आधीच्या मालकाने झाड तोडलं होतं. "मूल कुजलं, भोक राहिलं. पानी त्याच्यातून जातं," ते म्हणाले. मला हे पटलं, पण पुरावा हवा होता. पुरावा म्हटल्यावर ते खूश झाले. कपडे काढले, चड्डीवर तळ्यात उतरले आणि छातीभर पाण्यात बांधाला धरून एकेक पाऊल सरकत, मध्ये मध्ये अगदी निश्चल उभे राहिले. पोटरीला ओढ लागते म्हणे. एका जागी थांबले आणि ओरडले, "हलद आन!"

आईने डब्यासोबत स्वयंपाकाचं थोडं सामान दिलं होतं, त्यातली हळदीची पुडी मी दिली. त्यांनी ती पायाशी पाण्यात सोडली आणि मला मागे पायथ्याशी पाठवलं. मी घड्याळ लावून बसले. सतरा मिनिटांनी पाणी पिवळं आलं. मी ओरडले तेव्हा ते वरून म्हणाले, "बोंबलू नको. मला म्हाईत हाय."

त्याच दिवशी त्यांनी बाबांना नियम घालून दिला. "साफ पानी झिरपतं तवर झोपा निवांत. गढूल आलं तर माती वाहते. मंग आधी मला बोलवू नका. बांधाखाली कोन राहतं, त्याला बोलवा." खाली ओहोळाच्या काठाला चार घरं होती. बाबांनी दर आठवड्याला पायथ्याचं पाणी काचेच्या ग्लासात धरून उजेडाकडे बघायला सुरुवात केली.

एप्रिलमध्ये तळाचा चिखलही वाळला आणि काम सुरू झालं. आतल्या बाजूने चर खणला. कुजलेलं मूळ निघालं, माझ्या मनगटाएवढं, आणि हाताने चुरगळलं तर भुगा. ही पोकळी आता मातीने भरायची होती. बाबा म्हणाले, इथलीच तांबडी माती घ्या. म्हाताऱ्यांनी ती हातात घेऊन टाकून दिली. तिसऱ्या दिवशी जूचंद्रहून टेम्पो आला. खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतली माती. निळसर करडी, लोण्यासारखी, खाडीचा वास मारणारी.

"या मातीनं चालीस वर्सं खाडी अडवली," ते टेम्पोच्या फळीवर हात ठेवून म्हणाले. "तुमचं तलं काय चीज हाय!"

माती घालण्याची त्यांची पद्धत होती. वीतभर थर, त्यावर पाण्याचा शिपका, आणि तुडवायचं. मशीन नाही, माती ठोकायचा धुम्मस नाही, पाय. मिठागरात आगराचा तळ असाच तुडवतात. आणि ज्यांना पाणी हवं त्यांनी आधी तुडवायचं, मजुरांनी नंतर, हा दंडक. आईने साडीचा काचा मारला, मी सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली, बाबांनी पायजमा. "टाच मारा, टाच. नाचू नका," ते वरून ओरडायचे. आई नाचत नव्हती, घसरत होती. चार दिवसांनी माझ्या पायांना हात लावता येईना. पण तळ्याच्या पोटात उभं राहून आई आणि बाबा एकमेकांना धरून चिखल तुडवताहेत, हे बघायला मिळालं. ते दोघं हसत होते. मी फोन काढला तर म्हाताऱ्यांनी तो मागून घेऊन खिशात डबीशेजारी ठेवला.

पावसात तळं भरलं. पायथा कोरडा ठणठणीत. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

ऑगस्टच्या मध्यावर सकाळी सात वाजता बाबांचा फोन आला. "पाणी येतंय. ग्लासात धरलं. दुधासारखं दिसतंय. खालच्या घरांना सांगून आलो." मी शाळेत रजा कळवली, जूचंद्रला गेले, म्हाताऱ्यांना घेतलं.

पायथ्याशी बोटभर धार होती, पांढरट. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात धरलं. या वेळी थुंकले नाहीत. गिळलं. पुन्हा घेतलं. मग डबी उघडून, चव ताडून बघायला, मिठाचा एक खडा जिभेवर ठेवला, आणि तो विरघळल्यावर तिसऱ्यांदा पाणी घेतलं. आई, बाबा आणि मी बघत उभे होतो. मला वाटलं, आता काहीतरी नाटक होणार.

"शेट," ते म्हणाले, "पानी खारट हाय. माजी माती वाहते. चूक माजी."

माझं डोकं फिरलं. चुकलेल्याला चारचौघांत बोलू नये, हे मी नव्या शिक्षकांना शिकवते. तरी मी बोललेच. "चाळीस वर्षं बांध बांधलेत आणि तुम्हाला माती ओळखता येत नाही? साध्या मातीवर भागत होतं!" ते म्हणाले, "बराबर." एवढंच. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते.

मग त्यांनी फावडं मागितलं. तळं भरलेलं होतं, आणि खाली चार घरं. बांधाच्या टोकाला कातळ लागत होता. जास्तीचं पाणी तिथून निघून जायची वाट होती. ती वाट खोल करून तळं हळूहळू रिकामं करायचं, दुसरा इलाज नाही, असं ते म्हणाले. बाबांनी नुसती मान हलवली. दोन मजूर आणि हे, पावसात, दिवसभर. पाणी कातळावरून ओहोळात गेलं. घरांना धक्का लागला नाही. बाबा पूर्ण वेळ तळ्याकडे पाठ करून केळीत बसले होते आणि आई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती.

मला 'का' विचारल्याशिवाय राहवत नाही, हे खरं आहे. येताना मी त्या खाजणाच्या मातीचे दोन गोळे आणले होते आणि थोडी चांदीपची तांबडी माती. शाळेच्या प्रयोगशाळेत तीन काचेची भांडी मांडली. एकात मिठाचं पाणी, दोनांत साधं. मिठाच्या पाण्यात खाजणाचा गोळा दगडासारखा बसून राहिला. साध्या पाण्यात त्याच्या भोवती धूर निघाल्यासारखं झालं आणि दहा मिनिटांत सगळं भांडं पांढरट. चांदीपचा गोळा साध्या पाण्यात थोडा फुगला, पण तसाच राहिला. खारं पाणी त्या मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतं, गोडं पाणी ते सुटे करतं. हे मला आधी सुचायला हवं होतं. मीही तुडवत होते ना, चार दिवस?

मी म्हाताऱ्यांना निरोप पाठवला. ते आले, धुतलेला सदरा घालून, आणि प्रयोगशाळेतल्या स्टुलावर त्या तीन भांड्यांसमोर बसले. एक तास बसले. मागे आठवीचा वर्ग चालू होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मधल्या भांड्यात त्यांनी बोट घालून चाखलं, अर्थातच.

"दरवर्सी दिवालीनंतर बांध नवे करायला लागायचे," ते म्हणाले. "आमी बोलायचो, पावसाचा मार. पावसात मिठागर बंद. आमी घरी. माती गोड्या पान्यात काय करते, ते बगायला कोन थांबलं?" थोड्या वेळाने म्हणाले, "चालीस वर्सं ना बाय. खाऱ्यातच बगितली."

मी मागच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्यांनी हात हलवून विषय उडवून लावला आणि तिसऱ्या भांड्याकडे बोट दाखवलं. "ही तुज्या बापाची माती?"

"हो."

"मी फेकली होती."

"हो."

त्यानंतर ते स्वतः बाबांकडे आले. आमच्या फ्लॅटवर, बस बदलून. सोफ्यावर बसले नाहीत, दारातल्या स्टुलावर बसले. जमिनीचा एजंट तोवर दोनदा येऊन गेला होता. बाबा घरी आमच्या बोलीत बोलतात, पण कुणाला अंतरावर ठेवायचं असलं की पुस्तकी होतात. त्या दिवशी ते अगदी पुस्तकी झाले. "मी आपल्याला दोष देत नाही. परंतु आता माझी उमेद राहिलेली नाही."

"उमेद मला पन नाय," म्हातारे म्हणाले. "माजी माती तुमच्या बांधात हाय, ती मला काढून न्यायची हाय. तेवडं करू द्या. मंग इका."

बाबांनी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक पावसाळा. त्यापुढे नाही." आई आत चहा करायला गेली. या वेळी कपात मीठ पडलं तरी कुणी काही बोललं नाही.

त्या उन्हाळ्यात टँकर आणायला बाबांनी नकार दिला. वरच्या बाजूची केळी वाळली. मोगरा खालच्या घरांच्या विहिरीतून कळशीने पाणी आणून आईने कसाबसा धरला. एप्रिलमध्ये चर पुन्हा उघडला. म्हाताऱ्यांनी आपली करडी माती घमेल्याने काढली, आणि शेवटी चराच्या भिंतींना बोट लावून लावून चाखत गेले. कुठे खारट लागलं की तिथे आणखी खरवडायचं. मजूर तोंडावर हात धरून हसत होते. दोन दिवस त्या माणसाने माती खाल्ली, असं म्हटलं तरी चालेल. काढलेली माती टेम्पोत भरून ते जूचंद्रला परत घेऊन गेले, आणि फळीवर बसूनच गेले. मग चांदीपची तांबडी माती, वीत वीत थर, शिपका, टाच. आई आणि बाबा पुन्हा उतरले. या वेळी कुणी हसलं नाही.

पावसाच्या सुरुवातीला म्हाताऱ्यांना ताप आला. इस्पितळात राहिले, घरी आले, खाटेवर पडले. तळं भरलं ते त्यांनी पाहिलं नाही. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी झाली. पाणी चौथ्या पायरीवर होतं. दिवाळीनंतर त्या तळ्यात आम्ही कधी पायरी भिजलेली पाहिली नव्हती. पण पायथ्याशी एक ओल आली होती आणि थेंब थेंब पाणी झिरपत होतं. बाबांनी ग्लासात धरलं. साफ दिसत होतं. तरी ते म्हणाले, "मागच्या वेळीही आधी पायथा कोरडाच होता. जा, त्यांना दाखवून ये. ते ठीक म्हणाले तर एजंटला नको म्हणून कळवतो. नाहीतर उद्याच त्याला बोलावतो."

मी पाणी बाटलीत भरलं आणि जूचंद्रला गेले. सुनेने मला दारातच थांबवलं. हळूच म्हणाली, "मॅडम, तापापासून त्यांच्या तोंडाची चवच गेलीय. कालवनात मीठ नसलं तरी कलत नाय. विचारलं तर झकास बोलतात. तुमी काय बोलू नका."

ते पडवीत खाटेवर बसले होते. अर्धे राहिले होते. मला बघून विचारलं, "तलं?"

"चौथ्या पायरीवर."

"गलतं?"

"थेंब थेंब. साफ आहे." मी बाटली दिली आणि बाबांचा निरोप सांगितला. तो सांगायला नको होता, असं सांगता सांगताच वाटलं.

त्यांनी बाटली उजेडाकडे धरली. मग घोट घेतला, तोंडात धरला. डोळे मिटले. सून दारात पदर तोंडाशी धरून उभी. त्यांनी घोट गिळला आणि बाटली माझ्या हातात दिली.

"तू चाख."

"मी?"

"मंग कोन? जीभ हाय ना?"

मी घोट घेतला. "अळणी," मी म्हणाले.

"मला बरं वाटावं म्हनून बोलू नको." त्यांनी डबी काढली. मिठाचा एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. "हे खा. विरघलू दे. आता परत पानी घे."

मी तसंच केलं. पाणी जिभेवर धरलं. मातीचा वास होता, कुजलेल्या पानांचा थोडा. आणखी काही नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते आवरत मी घोट गिळला, कारण परीक्षा चालू होती.

"अळणी आहे, काका. अगदी अळणी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डबी बंद केली, खिशात टाकली आणि खाटेवर आडवे झाले.

"शेटला सांग, केली लावा," ते म्हणाले. आणि सुनेकडे वळून, "बायला चा दे. हिच्या कपात मीठ नको घालू."